राजकन्येचं चरित्र लिहायचं तर आधी करारनामा उघडा

९ जानेवारी १७२२ रोजी स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर, बिदासोआ नदीतल्या एका चिंचोळ्या बेटावर, स्पेनच्या राजाची मुलगी फ्रान्सच्या हवाली झाली. फ्रान्सची भावी राणी म्हणून. तिचं वय ३ वर्षं ९ महिने. नवरदेव लुई पंधरावा ११ वर्षांचा. सव्वातीन वर्षांनी तिला माहेरी परत धाडलं, आणि १७२९ साली दुसऱ्या एका नदीवर तिला पोर्तुगालच्या हाती सोपवलं. तिथे ती राणी झाली, चार मुली वाढवल्या, नवऱ्याच्या अखेरच्या आजारात राज्यकारभार पाहिला आणि साठीला टेकली असताना सख्ख्या भावाकडे, स्पेनच्या राजाकडे, दोन राज्यांचं बोलणं करायला स्वतः गेली. मारियाना व्हिक्टोरिया तिचं नाव, १७१८ ते १७८१ हा काळ.

अशा राजकन्येवर मराठीत लेख किंवा पुस्तिका लिहायची असेल तर सुरुवात तिच्या चित्रापासून किंवा ‘बिचारी’ या शब्दापासून करू नका. तिच्या आयुष्याचे मोठे निर्णय इतरांनी घेतले, आणि ते लग्नाच्या करारनाम्यात कलमवार लिहून ठेवले. ते आधी नीट वाचले तरच तिच्या पत्रांतलं तिचं स्वतःचं बोलणं ऐकू येतं. खालची रीत मारियाना व्हिक्टोरियाचं उदाहरण धरून सांगितली आहे. त्या शतकातल्या युरोपातल्या कोणत्याही राजकन्येला ती थोड्या फरकाने लागू पडते.

नावांचा तक्ता

वहीत चार रकाने आखा: काळ, देश, कागदात येणारं नाव, कागदात येणारी पदवी. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण तक्त्याशिवाय पुढे गेलेला माणूस तिसऱ्या दिवशी अडतो.

आपल्या राजकन्येचा जन्म ३१ मार्च १७१८ चा, मद्रिदचा. वडील स्पेनचा राजा फिलिप पाचवा, आई एलिझाबेट्टा फार्नेसे. स्पॅनिश कागदांत ती मारियाना व्हिक्टोरिया, पदवी ‘इन्फांता’. फ्रान्समधल्या तीन वर्षांत ती मारी-आन-व्हिक्तुआर, पदवी ‘अँफांत-रेन’, म्हणजे राजकन्या-राणी. पोर्तुगालमध्ये मारियाना व्हितोरिया. १७२९ ते १७५० ‘ब्राझीलची राजकन्या’, १७५० ते १७७७ राणी, मग राजमाता.

या तक्त्यात तीन ठिकाणी हमखास घसरायला होतं. फ्रेंचमधला ‘अँफांत’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे, आणि लिहिण्यात तो स्पॅनिशमधल्या ‘इन्फांते’सारखाच दिसतो. स्पॅनिशमध्ये मात्र ‘इन्फांते’ म्हणजे राजपुत्र. यंत्राने भाषांतर केलं की फ्रेंच पत्रातली मुलगी मुलगा होऊन बाहेर पडते. दुसरं, ‘ब्राझीलची राजकन्या’ हे वाचून ती ब्राझीलला गेली असं लिहू नका. पोर्तुगालच्या युवराजाची ती पदवी होती, आणि त्याच्या बायकोलाही ती लागे. तिसरं, या काळातल्या फ्रेंच कागदांत नुसतं ‘मस्यू ल द्यूक’ आलं की तो बूर्बाँचा ड्यूक समजायचा. तो ऑर्लेआँचा ड्यूक समजलात तर १७२५ ची सगळी गोष्ट उलटी होते, कारण ही दोन घराणी एकमेकांच्या विरुद्ध होती.

नात्यांसाठी वेगळं पान ठेवा. युरोपीय कागदांत चुलत, मामे, आते, मावस सगळ्यांना एकच शब्द. मराठीत लिहिताना प्रत्येक वेळी वंशावळ उघडून नातं ठरवावं लागतं. ती मेहनत वाया जात नाही, कारण मराठी शब्द लावला की लग्नामागचं राजकारण लगेच दिसतं. लुई पंधराव्याचा बाप आणि फिलिप पाचवा सख्खे भाऊ, म्हणजे १७२२ चं हे लग्न सख्ख्या चुलत भावंडांचं ठरलं होतं. असं लग्न चर्चच्या नियमात बसत नाही, त्यासाठी पोपची खास परवानगी लागते. कागदांत ती परवानगी कधी मागितली आणि कधी आली ते शोधा. लग्न किती मनापासून उरकायचं होतं याचा अंदाज त्यावरून येतो.

तारखा

स्पेन, पोर्तुगाल आणि फ्रान्सने १५८२ मध्येच नवं पंचांग घेतलं. ब्रिटनने ते सप्टेंबर १७५२ पर्यंत घेतलं नाही. मधल्या काळात लंडनची तारीख ११ दिवस मागे असते. शिवाय तिथलं कायद्याचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून लंडनच्या पत्रावर १० फेब्रुवारी १७२१ असेल तर ती पॅरिसची २१ फेब्रुवारी १७२२ असू शकते. ब्रिटिश वकिलांची, म्हणजे राजदूतांची, पत्रं फार उपयोगाची असतात, ती टाकू नका. फक्त प्रत्येक तारखेपुढे जुनी की नवी ते लिहा. परदेशात बसलेले वकील बहुधा नवी तारीख घालत, काही दोन्ही घालत.

वयांचं गणित

या कामाला एक संध्याकाळ द्या. कागदाची लांब आडवी पट्टी घ्या, १७१० ते १७३५ असे खण पाडा आणि प्रत्येक माणसाची ओळ वेगळी ठेवा. चर्चच्या कायद्यातल्या तीन मर्यादा वर लाल शाईने लिहा: वाङ्निश्चयाला दोघांनाही ७ वर्षं पूर्ण, लग्नाला मुलीला १२ आणि मुलाला १४.

आता ओळी भरा. लुई पंधरावा जन्मला १५ फेब्रुवारी १७१० ला, राजकन्या ३१ मार्च १७१८ ला. म्हणजे १७२२ मध्ये झालेली हवाली ही कायद्याने धड वाङ्निश्चयसुद्धा नव्हती. ती ७ वर्षांची होणार ३१ मार्च १७२५ ला, १२ वर्षांची १७३० मध्ये. त्या वर्षी राजा २० वर्षांचा असेल. पहिलं मूल लवकरात लवकर धरलं तरी १७३२-३३. हा अंदाज पट्टीवर पेन्सिलीने लिहा आणि मग तिचं प्रत्यक्ष पहिलं मूल कधी झालं ते पाहा: १७ डिसेंबर १७३४, पोर्तुगालमध्ये. गणित फारसं चुकलं नाही.

आता खरा प्रश्न. लवकरात लवकर १७३२ मध्ये वारस देऊ शकेल अशी वधू १७२१ मध्ये निवडली कुणी? राजाच्या वतीने कारभार पाहत होता ऑर्लेआँचा ड्यूक फिलिप. १७१३ च्या उत्रेख्तच्या तहाने स्पेनच्या फिलिप पाचव्याने फ्रान्सच्या गादीवरचा हक्क सोडला होता. त्यामुळे लुई पंधरावा निपुत्रिक गेला असता तर गादी ऑर्लेआँच्या घराण्यात जाणार होती. वधू जितकी लहान, तितका हा हक्क जास्त काळ जिवंत. शिवाय १७१८ ते १७२० या काळात फ्रान्स आणि स्पेन एकमेकांशी लढले होते, ते भांडणही मिटत होतं. फिलिप पाचव्याला मुलगी फ्रान्सची राणी होण्याचा मान मिळत होता. आणि ऑर्लेआँने बदल्यात स्वतःची १२ वर्षांची मुलगी लुईझ एलिझाबेथ स्पेनच्या युवराजाला देऊ केली. एका मुलीच्या बदल्यात दुसरी. मराठीत या व्यवहाराला साटंलोटं म्हणतात, आणि तोच शब्द वापरा. ‘दुहेरी विवाह’ लिहिलं की त्यातली देवाणघेवाण झाकली जाते.

पट्टीवर पुढे सरका. २ डिसेंबर १७२३ ला ऑर्लेआँचा ड्यूक वारला. कारभार बूर्बाँच्या ड्यूककडे गेला. ऑर्लेआँ गादीवर येणं हे त्याला सगळ्यात नको असलेलं. फेब्रुवारी १७२५ मध्ये १५ वर्षांचा राजा आजारी पडला. त्याच सुमारास ऑर्लेआँच्या नव्या ड्यूकची बायको गरोदर होती, १२ मे ला तिला मुलगा झाला. ही दोन माणसं पट्टीवर एकाच उभ्या रेषेत आली की बूर्बाँच्या ड्यूकची घाई समजते. सात वर्षांची मुलगी त्याला परवडणारी नव्हती. ३१ मार्चला राजकन्येला ७ वर्षं पूर्ण झाली, ५ एप्रिलला तिला व्हर्सायहून रवाना केलं. मधे पाच दिवस. यातून निष्कर्ष ओढू नका, पण तारखा शेजारी-शेजारी मांडायला विसरू नका.

नवी वधू शोधायला फ्रान्सच्या दरबारात युरोपातल्या शंभर राजकन्यांची यादी झाली. ४४ वयाने मोठ्या म्हणून, २९ लहान म्हणून, १० इतर कारणांनी बाद, उरल्या १७. अखेर राजाची राणी झाली ती या सगळ्या चर्चेत सुरुवातीला कमी महत्त्वाची मानलेली मारी लेश्चिन्स्का, पोलंडच्या पदच्युत राजाची मुलगी. वय २२, राजापेक्षा जवळजवळ सात वर्षांनी मोठी. ५ सप्टेंबर १७२५ ला फाँतेनब्लोला लग्न, ऑगस्ट १७२७ मध्ये जुळ्या मुली, ४ सप्टेंबर १७२९ ला युवराज. पट्टीवरचा वारसाचा खण मारियाना व्हिक्टोरियाच्या अंदाजापेक्षा तीन-चार वर्षं आधी भरला.

करारनामा कसा वाचायचा

नोव्हेंबर १७२१ मध्ये मद्रिदला करार झाला. मागणी घालायला फ्रान्सकडून साँ-सिमोंचा ड्यूक खास वकील म्हणून आला होता. अशा करारांची रचना ठराविक असते, म्हणून एकदा सवय झाली की अर्ध्या तासात वाचून होतात. वरची आदराची पल्लेदार वाक्यं सोडून कलमांवर या.

हुंड्याचं कलम आधी घ्या. रक्कम किती, कोणत्या नाण्यात, कुठे आणि किती हप्त्यांत द्यायची, तारण काय. रकमेपेक्षा हप्ते महत्त्वाचे. लुई चौदाव्याचं लग्न हे इथलं जुनं उदाहरण. १६५९ च्या तहाने स्पेनच्या राजकन्येचा हुंडा ५ लाख सोन्याचे एकू ठरला आणि तिने स्पेनच्या गादीवरचा हक्क सोडला. हुंडा पोचलाच नाही. मग हक्क सोडणंही रद्द, असं फ्रान्सने म्हटलं आणि १६६७ मध्ये स्पॅनिश नेदरलँड्सवर फौज घातली. म्हणून हुंड्याच्या कलमाशेजारी ‘प्रत्यक्ष पोचला का’ असा रकाना ठेवा आणि तो भरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रकमांचं मराठीत आजच्या रुपयांत रूपांतर करू नका. फ्रान्समध्ये २० सोल म्हणजे १ लिव्ह्र हे प्रमाण कायम असलं तरी नाण्यांची किंमत १७२६ पर्यंत सरकार वारंवार बदलत होतं. १७२१ चे १ लाख लिव्ह्र आणि १७३० चे १ लाख लिव्ह्र यांत चांदी सारखी नाही. रक्कम द्यायची तर त्याच वर्षाच्या दुसऱ्या खर्चाशेजारी मांडा, म्हणजे वाचकाला वजन कळतं.

मग हक्क सोडण्याचं कलम, मग दागिने. दागिन्यांत एक फरक कायम पाहा: कोणते तिचे स्वतःचे, म्हणजे आपल्या शब्दांत स्त्रीधन, आणि कोणते राज्याच्या खजिन्याचे, फक्त अंगावर घालायला दिलेले. परत जाताना यावरूनच वाद होतात.

विधवा झाल्यावर काय, हे कलम लोक वाचत नाहीत आणि तिथेच सर्वांत जास्त सापडतं. लुईझ एलिझाबेथचं पाहा. स्पेनला गेली, जानेवारी १७२४ मध्ये सासऱ्याने गादी सोडल्यामुळे राणी झाली, आणि ३१ ऑगस्ट १७२४ ला नवरा लुईस पहिला वारल्यामुळे १४ व्या वर्षी विधवा. १७२५ मध्ये स्पेनने तिला फ्रान्सला परत पाठवलं. करारातलं वेतन कागदावर होतं, पैसे मात्र नियमित येत नव्हते. १७४२ मध्ये ती पॅरिसला वारली, ३२ वर्षांची. तिच्यावर एक परिच्छेद लिहिल्याशिवाय मारियाना व्हिक्टोरियाचं चरित्र पुरं होत नाही. दोघी एकाच कराराच्या दोन बाजू होत्या.

हवाली

सीमेवरचा विधी बारकाईने लिहा, कारण तिथे राजकारण डोळ्यांना दिसतं. १७२२ चं बेट म्हणजे बिदासोआमधलं फेझंट बेट. १६५९ चा तह त्याच बेटावर झाला होता. आजही ते दोन्ही देशांचं सामाईक आहे, ताबा दर सहा महिन्यांनी बदलतो. असं बेट निवडण्याचं कारण साधं: कोणत्याही राजाला दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल टाकून कमीपणा घ्यायचा नव्हता. १७७० मध्ये ऑस्ट्रियाची मारी आंत्वानेत ऱ्हाइन नदीतल्या बेटावर हवाली झाली, तेही याच कारणाने. १७२९ मध्ये काया नदीवर, बादाहोस आणि एल्व्हास या दोन शहरांच्या मधे, पुलावरच लाकडी महाल उभारला होता.

वर्णनं वाचताना या गोष्टी मोजा: दोन्ही बाजूंची दारं किती, कोण आधी आत आलं, टेबल कुठल्या रेषेवर, खुर्च्या किती, दोन्ही वधू एकाच वेळी निघाल्या का. सगळं जोडीने आणि सारखं असावं लागे. विषमता दिसली तर थांबा, तिथे भांडण झालेलं असतं आणि त्याचं दफ्तरही असतं.

मग पाठराखणी कोण, ते पाहा. आई-बापाकडची बहुतेक माणसं सीमेवरूनच मागे फिरत, कारण नव्या दरबाराला तिथे परक्या देशाचे कान नको असत. मारियाना व्हिक्टोरियाचा ताबा व्हाँतादूरच्या डचेसने घेतला, लुई पंधराव्यालाही तिनेच वाढवलं होतं. ९ जानेवारीला नदीवर, २ मार्चला पॅरिसमध्ये: बावन्न दिवसांचा प्रवास, हिवाळ्यात, चार वर्षांच्या आतल्या मुलीचा. मुक्कामांची यादी त्या वेळच्या वृत्तपत्रात सापडते. ‘गाझेत द फ्रांस’ गालिका या फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. स्पेनच्या बाजूला ‘गासेता दे मद्रिद’, पोर्तुगालच्या बाजूला १७१५ पासूनचं ‘गाझेता द लिझबोआ’. वृत्तपत्रं स्वागताची बातमी देतात, मुलगी रडली की नाही हे सांगत नाहीत. मुक्काम आणि तारखा तिथून घ्या, बाकीचं पत्रांतून.

पॅरिसला तिची सोय लूव्ह्रमध्ये झाली. त्या दालनांसमोरची बाग सीनकाठी अजून आहे आणि अजून तिच्याच नावाने ओळखली जाते, राजकन्येची बाग. तीन वर्षांची निशाणी म्हणून लेखात तिला जागा द्या. मात्र ती सगळी वर्षं तिथेच राहिली असं लिहू नका, जून १७२२ मध्ये दरबार व्हर्सायला गेला.

परतीचा हिशेब

वधू परत पाठवणं हा लग्नाचा नुसता भंग नव्हता, तो साटंलोट्याचा भंग होता, म्हणून त्याचा हिशेब दोन्हीकडून लिहावा लागतो. स्पेनने उत्तर म्हणून लुईझ एलिझाबेथला आणि तिच्या धाकट्या बहिणीला, इन्फांते कार्लोससाठी आणलेल्या फिलिपीनला, परत धाडलं. ३० एप्रिल १७२५ ला, म्हणजे राजकन्या अजून वाटेवर असतानाच, स्पेनने व्हिएन्नात ऑस्ट्रियाशी तह केला. इथे एक चूक नेहमी होते: हा तह राजकन्येच्या अपमानामुळे झाला असं लिहिलं जातं. व्हिएन्नाची बोलणी त्याआधीच चालू होती. अपमानाने त्यांना वेग आला, इतकंच लिहा.

साँ-सिमोंच्या आठवणींतून या काळाची रंगीत वर्णनं घेण्याचा मोह होतो. तो मद्रिदला स्वतः हजर होता हे खरं, पण लिहिलं पुढे वीस वर्षांहून अधिक काळाने, आणि ऑर्लेआँचा ड्यूक त्याचा मित्र. म्हणून प्रत्येक टिपणावर तीन गोष्टी लिहा: घटना कधीची, लिहिलं कधी, लिहिणारा कोणाच्या बाजूचा.

पत्रं

इथे पहिल्यांदा ती स्वतः बोलते. १९ जानेवारी १७२९ ला काया नदीवर दुसरं साटंलोटं झालं, तेही अगदी शब्दशः: मारियाना व्हिक्टोरिया पोर्तुगालच्या जुझेला, आणि जुझेची बहीण बार्बरा मारियाना व्हिक्टोरियाच्या सावत्र भावाला, फर्नांदोला. ती १० वर्षांची, जुझे १४ चा. बार्बराबरोबर तिचा संगीतशिक्षक दोमेनिको स्कार्लात्ती स्पेनला गेला आणि कायमचा तिकडचा झाला. मारियाना व्हिक्टोरिया लिस्बनहून आईवडिलांना पत्रं लिहू लागली, आणि लिहिली ती फ्रेंचमध्ये.

पत्रं मद्रिदच्या राष्ट्रीय ऐतिहासिक अभिलेखागारात शोधा. सूची पारेस या स्पेनच्या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. पोर्तुगालच्या राणीसाठी आधी मद्रिद का, असं वाटेल. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात, लाटेत आणि आगीत लिस्बनचा नदीकाठचा राजवाडा ग्रंथालयासकट गेला. तोर्रे दु तोंबू या राज्याच्या दफ्तरखान्याचा बुरूज कोसळला, तरी तिथले कागद बऱ्याच अंशी वाचवले. राजवाड्यातले मात्र गेले. लिस्बनहून बाहेर गेलेला कागद म्हणून मोलाचा.

वाचताना एकेक पत्र सुटं घेऊ नका, वर्षाचा गठ्ठा घ्या. पत्राची सुरुवात आणि शेवट ठरीव असतो, तो एकदा उतरवून ठेवा आणि पुढे फक्त त्यातला बदल टिपा. मधला मजकूर बहुतेक शिकार, घोडे, संगीत, आजारपण, गरोदरपण यांचा. नवखा वाचक हे सगळं सोडून राजकारणाचं वाक्य शोधत बसतो. तसं करू नका. टपाल वाटेत फोडलं जातं हे सगळ्या राजघराण्यांना ठाऊक होतं, त्यामुळे राजकारण उघड लिहीत नसत. शिकारीला कोण बरोबर होतं, कुणाची तब्येत विचारली आणि कुणाची विचारली नाही, यातून दरबाराची बाजू कळते. फ्रेंचचं शुद्धलेखन त्या काळचं आणि तिचं स्वतःचं, म्हणून शब्द कळला नाही तर मोठ्याने वाचा. कानाला कळतो.

पत्रांशेजारी दोन राज्यांच्या भांडणांची पट्टी ठेवा. १७३५ ते १७३७ दक्षिण अमेरिकेत साक्रामेंतोच्या वसाहतीवरून वेढा. १७५० मध्ये मद्रिदचा सीमातह, तेव्हा स्पेनच्या गादीवर फर्नांदो आणि बार्बरा. १७५९ मध्ये सख्खा भाऊ कार्लोस तिसरा राजा. आणि १७६२ मध्ये त्याच भावाची फौज पोर्तुगालमध्ये शिरली. ती त्या वेळी पोर्तुगालची राणी होती. करारनाम्याने जोडलेली दोन घरं एकमेकांवर चालून आली तेव्हा ती कुठे उभी होती, हे तिच्या चरित्राचं मधलं प्रकरण. त्याला सर्वांत जास्त पानं द्या. तहांच्या नावांत इथे एक खड्डा आहे: एल पार्दोचा तह १७६१ चाही आहे आणि १७७८ चाही. साल लिहिल्याशिवाय नाव लिहू नका.

चित्रांचं काम थोडक्यात उरकतं. प्रादो संग्रहालयात लार्जिलिएरने १७२४ मध्ये काढलेलं तिचं चित्र आहे, सहा वर्षांच्या मुलीला मोठ्या बाईचा दरबारी पोशाख. चेहऱ्यावरून मन ओळखायला जाऊ नका. चित्र कुणी काढवलं आणि कुणाला दाखवायला, एवढं लिहा.

मुली

तिला मुलगा झाला नाही. जगल्या त्या चार मुली, १७३४, १७३६, १७३९ आणि १७४६ च्या. सगळ्यांची नावं मारिया किंवा मारियाना अशी, शिवाय एका नातीचं नाव तिचंच, म्हणून नावापुढे जन्मसाल लावा. फ्रान्सच्या गादीवर बाई बसू शकत नसे, पोर्तुगालच्या बसत असे. म्हणून थोरल्या मारिया फ्रान्सिस्काचं लग्न म्हणजे गादी कोणत्या घराण्यात राहणार याचा प्रश्न. तो ६ जून १७६० ला सुटला: तिचं लग्न बापाच्या सख्ख्या भावाशी, पेद्रूशी, झालं. चुलता-पुतणी. धाकट्या बेनेदिताचं लग्न २१ फेब्रुवारी १७७७ ला थोरलीच्या मुलाशी झालं, मावशी-भाचा. ती ३०, तो १५. तीन दिवसांनी राजा जुझे वारला. या लग्नांना नुसतं ‘विचित्र’ म्हणून पुढे जाऊ नका. बाहेरचा जावई म्हणजे बाहेरचं राज्य, हा हिशेब कागदावर मांडून दाखवा.

राजाच्या आजारपणात २९ नोव्हेंबर १७७६ पासून कारभार मारियाना व्हिक्टोरियाच्या नावे होता. हे तीन महिने फार वेळा एका ओळीत उरकले जातात. त्यातले हुकूम एकेक करून तपासा, सही कुणाची आणि कुणाच्या सल्ल्याने. पतीच्या मृत्यूनंतर मंत्री पोंबाल गेला, थोरली मुलगी मारिया पहिली म्हणून राणी झाली, आणि ऑक्टोबर १७७७ मध्ये आई स्पेनला निघाली. त्याच महिन्याच्या १ तारखेला सान इल्देफोन्सोचा सीमातह झाला होता, मार्च १७७८ मध्ये एल पार्दोचा मैत्रीचा तह झाला. जवळजवळ वर्षभर ती भावाकडे होती. सीमा ओलांडण्याची तिची ही चौथी-पाचवी वेळ, पण या वेळी नदीवर तिची हवाली झाली नाही, ती स्वतःहून गेली आणि स्वतःहून परत आली. परतल्यावर १५ जानेवारी १७८१ ला, भूकंपानंतर आजुदाच्या टेकडीवर बांधलेल्या लाकडी राजनिवासात, तिचा मृत्यू झाला.

चरित्र मात्र १७८१ ला संपवू नका, १७८५ पर्यंत न्या. त्या वर्षी दोन्ही घराण्यांत पुन्हा साटंलोटं झालं: तिची नात मारियाना व्हितोरिया कार्लोस तिसऱ्याच्या मुलाला, गाब्रिएलला, आणि कार्लोस तिसऱ्याची नात कार्लोता तिचा नातू जुआँवला. हे दोन करार १७२१ आणि १७२७ च्या करारांशेजारी ठेवून कलम-कलम ताडून पाहा, आणि वयाचा रकाना आधी भरा. कार्लोता १० वर्षांची होती.